पत्त्यांची जादू शिकायची आहे: पुस्तक घेऊ, कोर्स घेऊ की क्लास लावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय सत्तावीस, पत्त्यांच्या जादूची हौस आहे. वर्षभर यूट्यूब पाहून झालं, ऑनलाइन तीन-चार गिमिकं, म्हणजे छुपी करामत असलेली तयार साधनं, मागवून झाली. तरी ऑफिसच्या पार्टीत कुणी ‘दाखव ना काहीतरी’ म्हटलं की हातपाय गळतात. आता पैसे कशावर घालावेत? मराठीत काही आहे का? आणि नऊ वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला जादूचं किट द्यावं का?

घाईत असाल तर उत्तर एवढंच: एक पुस्तक, एकाच जातीचे दोन कॅट आणि तुमच्या फोनचा कॅमेरा. पुढचे सहा महिने बाकी काहीही विकत घेऊ नका. कुठलं पुस्तक ते खाली सांगते, पण त्याआधी साधन पारखायचं कसं ते सांगते. कारण माझी यादी जुनी होईल, नवे कोर्स येत राहतील आणि प्रत्येक जाहिरात ‘फक्त पाच मिनिटांत शिका’ म्हणतच राहील.

तुम्हाला एकवीस पानांची जादू येत असणारच. मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर लग्नघरी कुणीतरी मामा ती करतोच. सात-सात पानांच्या तीन उभ्या रांगा लावायच्या, मनातलं पान कुठल्या रांगेत आहे ते विचारायचं, ती रांग बाकी दोघींच्या मधे घालायची आणि पुन्हा वाटायचं. असं तीनदा झालं की अकरावं पान उलटायचं. त्यात आता गुपित म्हणावं असं काही उरलेलं नाही, म्हणून उघड बोलते.

बहुतेक व्हिडिओ आणि फुटपाथवरच्या पुस्तिका इथेच थांबतात. ‘अकरावं पान त्याचं असतं’ म्हटलं की धडा संपला. बरा शिक्षक एक पायरी पुढे जातो आणि असं का होतं ते दाखवतो. पहिल्यांदा रांग मधे गेली की ते पान आठव्या ते चौदाव्या जागेत कुठेतरी असतं. दुसऱ्यांदा वाटलं की ही सात पानं आपापल्या रांगेत तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या जागी पडतात. पुन्हा रांग मधे घातली की ते दहावं, अकरावं किंवा बारावं होतं. म्हणजे तिसऱ्यांदा वाटताना ही तीनही पानं तिन्ही रांगांत बरोबर चौथी येतात, मधोमध.

हे कळल्यावर काय हाती लागलं बघा. तिसऱ्यांदा पानं पडल्यावर समोरच्यानं रांग दाखवली, त्याच क्षणी तुम्हाला पान माहीत झालं. त्या रांगेतलं मधलं. पुन्हा गोळा करायला नको, अकरापर्यंत मोजायला तर नकोच. पत्ते त्याच्याच हातात द्या, मनसोक्त पिसू द्या, आणि मग सावकाश ‘लाल आहे… चित्राचं पान नाही…’ असं करत त्याच्या मनातलं पान सांगा. कृती तीच राहिली, फक्त शाळकरी गणिताच्या जागी आता मनकवडेपणा आला.

चांगलं साधन याहीपुढे जातं. तीनदा वाटण्यात प्रेक्षक कंटाळतो, मग त्या वेळात बोलायचं काय? ‘कुठल्या रांगेत?’ हा प्रश्न तीनदा आला की हुशार माणसाला गणिताचा वास येतो, तो वास कसा लपवायचा? समोरचा आपलं पान विसरला किंवा मुद्दाम खोटं बोलला तर? तुमची नजर मधल्या तीन पानांवर रेंगाळताना कुणी पकडली तर? आणि शेवट कुठे करायचा, पान सांगून की पान दाखवून?

तर कुठलंही पुस्तक किंवा कोर्स हातात आला की त्यात तुम्हाला आधीच येणारी एखादी जादू शोधा, आणि लेखकानं तिच्यावर किती मेहनत घेतली आहे ते बघा. ‘यात १०१ जादू आहेत’ हा आकडा मला घाबरवतो. दहाच असतील आणि प्रत्येक जादू तोंड, नजर, हात आणि शेवट यांसकट शिकवली असेल, तर ते साधन घ्या.

आता पुस्तकं. फक्त पत्ते शिकायचे असतील तर दोन नावं पुरेत. पहिलं जाँ ह्युगार्ड आणि फ्रेडरिक ब्राऊ यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’, १९४०च्या दशकाच्या शेवटी आलेलं आणि अजून छापलं जाणारं. त्याची मांडणी मला आवडते. एका प्रकरणात एक तंत्र, आणि लगेच त्याच तंत्रावर उभ्या असलेल्या जादू. पहिलंच प्रकरण साध्या पिसण्याचं आहे, आपण घरी रमी खेळताना करतो त्या ओव्हरहँड शफलचं. नवशिक्याला हे वाचून निराशा येते, कारण त्याला पान हवेतून काढायचं असतं. पण आपल्याकडे हेच प्रकरण सर्वांत जास्त कामाला येतं. रमीच्या टेबलावर पानं फर्र् करून एकमेकांत घुसवणारा क्वचित दिसतो, पण असं पिसणारे घरोघरी आहेत. तुम्ही असंच पिसत असताना वरचं पान तुम्हाला हवं तिथेच राहतंय, याचा संशय कोणाच्याही मनात येत नाही.

दुसरं म्हणजे स्विस जादूगार रोबेर्तो जोब्बी यांची ‘कार्ड कॉलेज’ ही पाच खंडांची मालिका. तुम्हाला फक्त पहिला खंड हवा. मूळ जर्मन आहे, इंग्रजी भाषांतर उत्तम आहे. ‘रॉयल रोड’ जिथे एका परिच्छेदात तंत्र उरकतं तिथे जोब्बी बोट कुठे, अंगठा किती वाकलेला, नजर कुठे, आणि ही हालचाल करायला प्रेक्षकाला पटेल असं निमित्त काय, इथपर्यंत जातात. किंमत जास्त आहे आणि वाचायला संयम लागतो. ज्यांना क्लास मिळणार नाही अशा गावातल्या मुलांना मी जोब्बीच सुचवते, कारण चूक सुधारायला शेजारी कुणी नसताना तपशील जितका जास्त तितका बरा. पुण्या-मुंबईत असाल, कुणाला तरी हात दाखवून विचारता येत असेल, तर ‘रॉयल रोड’ पुरे.

तुम्हाला पत्तेच करायचे आहेत की नाणी, दोरी, रुमाल हेही करून बघायचंय, हे अजून ठरलं नसेल तर मार्क विल्सन यांचा १९७५चा ‘कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’ घ्या. जाडजूड आहे, वाक्यं कमी आणि चित्रं भरपूर, त्यामुळे इंग्रजीचा धाक वाटणाऱ्यालाही चालतो. त्यातून आपला कल कुठे आहे ते कळतं. नाण्यांकडे गेलात तर जे. बी. बोबो यांचं १९५२चं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’.

हातचलाखी आधी की आपोआप होणाऱ्या, म्हणजे सेल्फ-वर्किंग जादू आधी, यावर जादूगारांत कायम भांडण असतं. माझं मत: दोन्ही एकदमच सुरू करा, पण लोकांसमोर पहिले काही महिने फक्त सेल्फ-वर्किंग. ‘रॉयल रोड’मध्येच एक आहे. प्रेक्षक स्वतः कॅट चार ठिकाणी कापतो, स्वतःच पानं इकडून तिकडे हलवतो, आणि शेवटी चारही गड्ड्यांवर एक्के. तुमचा हातही लागत नाही. अशा वेळी तुमचं सगळं लक्ष माणसाकडे राहतं: त्याला कुठे उभं करायचं, कधी थांबायचं, टाळी कुठे घ्यायची. तुमचे हात गळतात ते याच गोष्टींचा सराव नसल्यामुळे. हाताच्या कसबाशी त्याचा फार थोडा संबंध आहे.

आता न घेण्याची पुस्तकं. पीडीएफ फुकट मिळतं म्हणून नवशिके हमखास एर्डनेसचं १९०२चं ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ उघडतात. एस. डब्ल्यू. एर्डनेस हे टोपणनाव. माणूस खरा कोण होता यावर शंभर वर्षांनंतरही एकमत नाही. पुस्तक थोर आहे, पण अर्ध्याहून अधिक मजकूर जुगारातल्या लबाडीचा आणि भाषा कोर्टातल्या दस्तऐवजासारखी. दोन वर्षं हात बसल्यावर ते वाचा, तेव्हा प्रत्येक ओळीतून काहीतरी निघेल. आज वाचलंत तर आपल्याला जादू येणारच नाही अशी खात्री पटून कॅट कपाटात जाईल. मनकवडेपणाच्या जादूवरचं कोरिंडा यांचं ‘थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम’ही तसंच, थोडं थांबून घ्या. फुकट मिळालेली चाळीस पीडीएफं फोनमध्ये असणं हे माझ्या शिकाऊ मुलांत दिसणारं सगळ्यांत सामान्य दुखणं आहे. एकही वाचलेलं नसतं.

आणि व्हिडिओ? माझी पिढी व्हिडिओला नाक मुरडते. ते मला पटत नाही. पानं वाटण्याचा ठेका, कुठे क्षणभर थांबायचं, हात किती सैल ठेवायचे, या गोष्टी पुस्तकातल्या चित्रांतून शिकणं कठीण. डबल लिफ्ट घ्या. दोन पानं एकाच पानासारखी उलटायची हे वाक्य वाचायला सेकंद लागतो. ती किती हलकेपणी, किती बेफिकिरीनं उलटायची ते मात्र पाहिल्याशिवाय कळत नाही. नवशिके दोन्ही पानं घट्ट चिमटीत धरून अशी उलटतात की जणू खाली विंचू आहे, आणि तिथेच प्रेक्षकाची नजर खिळते.

अडचण व्हिडिओंच्या क्रमाची आहे. वेबसाइट तुम्हाला काल पाहिलं तसंच आज दाखवते. पुढची पायरी दाखवत नाही. वर्षभरात तुम्ही बहुधा तेच ‘मनातलं पान ओळखणं’ तीस वेगवेगळ्या टोप्या घालून पाहिलंत. म्हणून क्रम पुस्तकाकडून घ्या आणि त्या-त्या प्रकरणापुरताच व्हिडिओ शोधा. ‘रॉयल रोड’ला धरून आर. पॉल विल्सन यांनी शिकवलेली व्हिडिओ मालिका आहे, ती पुस्तकासोबत छान चालते. फुकटात हवं असेल तर ५२कार्ड्स ही वाहिनी पाहा. शिकवणारा संथ बोलतो आणि मुळापासून सांगतो.

वाहिनी पारखायची माझी एक साधी युक्ती आहे. शिकवणाऱ्यानं ती जादू खऱ्या, अनोळखी माणसासमोर केलेली दिसते का? फक्त टेबल, हात आणि कॅमेरा असेल तर सावध व्हा. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि तो हलत नाही. समोरून निर्दोष दिसणाऱ्या कितीतरी हालचाली डाव्या खांद्याकडे बसलेल्या काकूंना स्पष्ट दिसतात. दुसरं, धडा सुरू होण्याआधी जादू पूर्ण, न थांबता दाखवली आहे का? नसेल तर तुम्ही रहस्य शिकाल, पण प्रेक्षकाला काय वाटायला हवं ते कधीच अनुभवणार नाही. आणि ‘अमुक जादूगाराचं रहस्य उघड’ असं लिहिलेले व्हिडिओ सोडून द्या. नीतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी तिथे शिकायला काही नसतं. ते लोक बहुतेकदा अंदाजाने बोलतात आणि अर्ध्या वेळा अंदाज चुकीचा असतो.

सरावाला आरसा की कॅमेरा? दोन्ही, पण कॅमेरा जास्त. नेमक्या चोरट्या क्षणी आपण नकळत डोळे मिटतो. आरशात स्वतःला पाहताना ते मिटलेले डोळे दिसणार तरी कसे? फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ते ठळक दिसतात. फोन प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, आणि मग एकदा खाली, एकदा डावीकडे.

इथे एक गोष्ट सांगते जी कुठल्याच परदेशी पुस्तकात सापडणार नाही. ही सगळी पुस्तकं धरून चालतात की तुम्ही कोट घालून टेबलामागे बसला आहात, प्रेक्षक समोर आहे आणि तुमच्या पाठीशी भिंत आहे. आपल्याकडे सतरंजीवर गोल बसलेली दहा माणसं, मागे उभी दोन पोरं आणि खांद्यावरून डोकावणारा एक मेहुणा. अंगात कुर्ता किंवा साडी, कोटाच्या बाहीत आणि खिशात सरकवायच्या युक्त्या बाद. म्हणून पुस्तकातली प्रत्येक जादू शिकण्याआधी तिच्यापुढे पेन्सिलीनं खूण करा: सगळ्या बाजूंनी चालते, भिंत लागते, टेबल लागतं. पहिल्या प्रकारच्या जादू आधी शिका. तुम्हाला पार्टीत उभ्या-उभ्या करायच्या आहेत, तर टेबलवाल्या तशाही उपयोगाच्या नाहीत.

मराठीत काय आहे? रेल्वे स्टेशनवर आणि जत्रेत मिळणाऱ्या पुस्तिकांत जुन्या इंग्रजी पुस्तकांमधून उचललेल्या कृती असतात, बऱ्याचदा चित्राविना. शिकायला त्या पुरत नाहीत, हे स्पष्टच सांगते. पण तुमची जादू मात्र मराठीतच व्हायला हवी. पुस्तकातलं इंग्रजी बोलणं, ज्याला आम्ही पॅटर म्हणतो, पाठ करून किंवा शब्दाला शब्द लावून म्हणू नका. बदामची राणी, किलवरचा गुलाम, इस्पिकचा एक्का, चौकटची सत्ती असं आपण घरात बोलतो तसंच बोला. बोलताना अडखळलात की लोकांचं लक्ष तुमच्या हातांकडे जातं. आणखी एक तांत्रिक अडचण: इंग्रजी पुस्तकांत पानाच्या नावाचं स्पेलिंग करत एकेका अक्षराला एक पान टाकण्याच्या पुष्कळ जादू असतात. त्या देवनागरी अक्षरांवर जशाच्या तशा बसत नाहीत, कारण अक्षरांची संख्याच वेगळी. अशा जादूत प्रेक्षकाचं नाव मोबाइलवर इंग्रजीत तो स्वतः लिहितो तसं वापरा, म्हणजे मोजणी शंकेला जागा देत नाही आणि माणूसही खूश होतो. मोजणी किती येणार हे आधी बघून पत्त्यांची मांडणी त्यानुसार बदलावी लागते. पहिल्या वर्षात त्या वाटेला जाऊ नका.

पत्त्यांबद्दल. आपल्याकडचे स्वस्त प्लॅस्टिकचे पत्ते दमट हवेला टिकतात, पण गुळगुळीत असल्याने पंखा नीट पसरत नाही आणि दोन पानं एकत्र धरली की घसरतात. कागदी पत्ते घ्या. बायसिकल हा अमेरिकी छाप १८८५पासून निघतो आणि पुस्तकांमधली चित्रं साधारण त्याच मापावर काढलेली असतात: पोकर साइज, म्हणजे रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन. हात लहान असेल तर ब्रिज साइज घ्या, सव्वादोन इंच रुंद. त्यात काही कमीपणा नाही. मागची नक्षी दोन्हीकडून सारखी असावी आणि भोवती पांढरी किनार असावी. एकाच रंगाचे, एकाच छापाचे दोन कॅट घ्या. एक सरावाला मळवा, दुसरा लोकांसमोर. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत असाल तर कॅट डब्यात, सिलिकाच्या पुडीसह. ओल धरलेली पानं फुगतात आणि शिकलेलं सगळं बिघडतं.

नाण्यांकडे वळलात तर बोबोंचं पुस्तक अमेरिकी अर्ध्या डॉलरवर बेतलेलं आहे, व्यास सुमारे ३०.६ मिलिमीटर. आपला दहाचा ठोकळा २७ मिलिमीटरचा. तळहातात धरून ठेवायला तोच त्यातल्या त्यात बरा, रुपया-दोनची नवी नाणी निसटतात. आजीच्या पेटीत ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया असेल तर बघा. तो मापाने जवळजवळ अर्ध्या डॉलरइतकाच आहे. सरावासाठी मागून घ्या आणि आजीला तो तिच्यासमोरच गायब करून दाखवा. ती पहिली प्रेक्षक.

आता तुमची तीन-चार गिमिकं. त्यांत स्वेंगाली कॅट असणार, जत्रेत विकतात तोच. त्याची चावी इथे लिहीत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना ठाऊक आहे. गिमिक वाईट नसतं. पण ते तुम्हाला एक जादू देतं आणि प्रेक्षकानं ‘बघू जरा पत्ते’ म्हटलं की तिथेच अडकवतं. ऑफिसच्या पार्टीत पत्ते मागतातच, आपल्याकडे तर हिसकावून घेतात. साध्या कॅटवर काम करणाऱ्याला ही भीती नसते. किटमधला थंब टिप, म्हणजे अंगठ्यावर चढवायचं टोपण, गुलाबी रंगाचा येतो आणि आपल्या कातडीवर भडक दिसतो, अशी तक्रार मी सतत ऐकते. रंग जुळला तर बरंच, पण खरी बाब अशी की अंगठा स्थिर धरून लोकांना दाखवत बसलात तरच तो दिसतो. हे किटच्या माहितीपत्रकात नसतं, मार्क विल्सनच्या पुस्तकासारख्या ठिकाणी सापडतं. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम मिळून जादूच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतं, हेही हिशेबात धरा. दोन मिनिटांच्या जाहिरातीत जो प्रयोग दिसतो त्यात प्रेक्षकानं पुढे काय केलं ते कापलेलं असतं.

क्लासबद्दल. आपल्याकडे ही विद्या मुख्यतः घराण्यातून आणि गुरूच्या मागे ट्रंका उचलून शिकली जायची. पी. सी. सरकारांच्या घरात ती पुढच्या पिढीकडे गेली, पुण्यात जादूगार रघुवीर यांच्या घरात तीन पिढ्या चालली. रस्त्यावरच्या मदाऱ्यांची वाटी-चेंडूची जादू तर अजूनही बापाकडून मुलाकडे जाते, आणि ती पाहायला मिळाली तर दहा कोर्सेसपेक्षा जास्त शिकवते. जमिनीवर बसून, चारही बाजूंनी गर्दी असताना तो माणूस नजरा कशा फिरवतो ते बघा. पैसे मात्र टाका. सगळ्यांसाठी उघडी शाळा म्हणून केरळात तिरुवनंतपुरमला गोपीनाथ मुतुकाड यांनी १९९६मध्ये जादूची अकादमी सुरू केली. महाराष्ट्रात वैयक्तिक शिकवण्या आणि सुट्टीतली शिबिरं हाच मुख्य मार्ग.

शिकवणी निवडताना फी विचारण्याआधी एक तास बसून पाहू द्या म्हणावं. त्या तासात शिक्षक किती वेळ स्वतः करून दाखवतो आणि किती वेळ मुलांना करायला लावून चुका काढतो, ते पाहा. पहिलं जास्त असेल तर तो शो आहे. शिक्षकच साहित्याचा विक्रेता असेल आणि दर आठवड्याला नवी पेटी घ्यायला लावत असेल तर उठून या. शिक्षक मिळाला नाही तर जादूगारांचं मंडळ शोधा. इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स ही संस्था १९२२पासून आहे आणि तिच्या स्थानिक शाखांना रिंग म्हणतात, भारतातही आहेत. अशा ठिकाणी नवशिक्याला कुणी रहस्य आयतं देत नाही, पण तुम्ही काहीतरी करून दाखवलंत की दहा जण चूक सांगायला तयार असतात. फुकटात मिळणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

मनकवडेपणाच्या जादूकडे, मेंटॅलिझमकडे, वळलात तर एक सूचना. काही कोर्स शिकवतात की ‘माझ्याकडे शक्ती आहे’ असंच लोकांना वाटू द्या. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगावी चमत्कार करून दाखवतात आणि त्यामागची हातचलाखी समजावतात. २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. मनोरंजनाच्या जादूला त्याची आडकाठी नाही, पण पार्टीनंतर एखादी सहकारी बाजूला घेऊन ‘माझ्या नवऱ्याच्या मनात काय आहे सांगशील?’ विचारते तेव्हा काय उत्तर द्यायचं, हे ज्या साधनात नाही ते अर्धवट आहे. आणि त्या चमत्कारांतले आगीचे, रसायनांचे प्रयोग व्हिडिओ पाहून घरी करू नका, कधीच नाही. ते शेजारी जाणकार उभा असतानाच शिकायचे.

तर वेळापत्रक असं ठेवा. पहिले दोन महिने पुस्तकाचं पहिलं प्रकरण आणि दोन सेल्फ-वर्किंग जादू. रोज वीस मिनिटं हाताला, दहा मिनिटं मोठ्याने बोलायला. हो, मोठ्याने, भिंतीसमोर. मग घरच्या माणसांसमोर न करता अर्धवट ओळखीच्यांसमोर करा, लिफ्टमध्ये भेटणारे, कँटीनमधले. घरचे एकतर फार कौतुक करतात किंवा पहिल्याच मिनिटाला ‘बाही दाखव’ म्हणतात. सहा महिन्यांनी तुम्हाला तीन जादू उभ्यानं, कुणाच्याही पत्त्यांवर करता आल्या तर साधन बरोबर निवडलं. वीस जादूंची रहस्यं माहीत झाली पण एकही करवत नसेल, तर पुस्तक बदलू नका, पहिल्या प्रकरणावर परत या.

भाचीचं राहिलं. नऊ वर्षांच्या मुलीला किट द्यायला हरकत नाही, फक्त त्यातल्या साहित्यावर भाळू नका, माहितीपुस्तिका आधी उघडून वाचा. तीन ओळींत एक जादू उरकलेली असेल तर किट दुकानात परत ठेवा. लहान, गिळता येतील असे चेंडू आणि चुंबक असतील तर घरात तिचं धाकटं भावंड आहे का तेही बघा. माझ्या मते रबर बँड, कागदी क्लिपा, दोन मीटर सुती दोरी आणि ब्रिज साइजचा एक कॅट असा डबा तुम्हीच भरा, आणि मार्क विल्सनच्या पुस्तकातल्या दोन जादू तिच्यासोबत बसून शिका. वाढदिवसाला आलेल्या मुलांसमोर ती लगेच करून दाखवणार नाही, तिला आठवडाभर द्या. आणि ती करताना मागून तुम्ही सूचना देऊ नका.